सातव्या घराचे ग्रीक नाव

#धागा

डोंबिवली-कल्याणात वधू-वर सूचक मंडळाचा अर्ज भरताना शिक्षण, उंची, नोकरी, स्वतःचे घर या रकान्यांच्या रांगेत आणखी एक रकाना बहुधा भेटतोच : मंगळ – आहे / नाही / सौम्य. उत्तम शिकलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या मुलीचे स्थळ या एका रकान्यावरून परत गेल्याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या नात्यागोत्यात असेल. आज या रकान्याचा इतिहास सांगायचा आहे. तो रोमला वळसा घालून येतो, त्यामुळे धागा लांबला आहे. सवडीने वाचावा.

माझे मत आधीच सांगून टाकते. पत्रिकेविषयी आपल्याकडे दोन ठरावीक भूमिका ऐकू येतात. एक म्हणते, हे वेदांपासून अखंड चालत आलेले ऋषींचे ज्ञान आहे. दुसरी म्हणते, ही निव्वळ भाकडकथा आहे, इतिहासाने तिच्याकडे बघावेच कशाला? मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कुंडली ही एका विशिष्ट काळी, विशिष्ट जगात घडलेली वस्तू आहे. तिला जन्मस्थान आहे, प्रवास आहे, धनी आहेत. ती खरी की खोटी हे विचारावेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याबरोबर असेही विचारावे की कोणत्या समाजात तिचा धाक कोणाला होता.

सुरुवात घराजवळूनच करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक व्यवहारी माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत सोपाऱ्याच्या पाठोपाठ आपल्या कल्याणचे नाव 'कल्लिएना' असे येते. थोरल्या सारगनच्या काळात – हा कोणी सातवाहन राजा असावा – ते रीतसर व्यापारी बंदर होते. पुढे ते संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेले, आडकाठी सुरू झाली आणि तेथे लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे भरूचला, रवाना होऊ लागली. दुर्गाडीच्या पायथ्याशी आज सुस्तावलेली ती खाडी एके काळी दोन सत्तांच्या जकातीच्या भांडणाचा विषय होती, हे लोकलच्या खिडकीतून कळत नाही.

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख कोरलेले आहेत. कार्ले आणि जुन्नर येथील दात्यांत तर स्वतःची ओळख 'यवन' अशी सांगणारे लोक आहेत, आणि त्यांतील काहींची नावे अगदी इथल्या मातीतली आहेत. घाटावरचा माल, घाटाखालची बंदरे आणि समुद्रापलीकडचे रोमन साम्राज्य हे सारे एकाच जाळ्यात विणलेले होते. या जाळ्यातून मिरी, कापड, मद्य आणि नाणी गेली-आली. गणित आणि भाकितेही गेली-आली. पहिली कुंडली कल्याणच्याच धक्क्यावर उतरली असा माझा दावा नाही. ज्या जगात ती घडली आणि फिरली, त्या जगाचे कल्याण हे एक दार होते, एवढेच म्हणायचे आहे.

ती घडली कोठे? मुख्यतः टॉलेमी राजांच्या आणि नंतर रोमच्या ताब्यातील इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या परिसरात. बाबिलोनच्या पुरोहितांनी शतकानुशतके ग्रहांच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि आकाशाचे बारा सारखे भाग पाडले होते. इजिप्तच्या देवळांत रात्रीचे तास मोजण्यासाठी ताऱ्यांचे छत्तीस गट वापरत. ग्रीकांकडे भूमिती होती. या तिघांच्या संकरातून एक नवीनच गोष्ट जन्माला आली : जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्राचा बिंदू धरायचा, तेथून बारा घरे मोजायची आणि त्यांत ग्रह बसवून माणसाचे आयुष्य वाचायचे. त्या उगवत्या बिंदूला ग्रीकांनी 'होरोस्कोपोस' म्हटले. आपण त्याला लग्न म्हणतो. विवाहविधीला आपण 'लग्न' म्हणू लागलो तेही याच उगवत्या राशीच्या शुभ घटिकेवरून, हे जाता जाता.

आता याच्या शेजारी वेदांगज्योतिष ठेवून पाहावे. त्यात पाच वर्षांचे युग आहे, सत्तावीस नक्षत्रे आहेत, तिथी आहेत, अयने आहेत. यज्ञ कोणत्या वेळी करायचा हे ठरवण्याचे ते शास्त्र. मेष-वृषभादी राशी त्यात नाहीत, सोमवार-मंगळवार नाहीत, लग्न नाही, बारा घरे नाहीत, आणि ग्रहांवरून माणसाचे भवितव्य सांगण्याचा प्रयत्नही नाही. पत्रिकेला 'वैदिक' म्हणणाऱ्याने ही यादी एकदा शांतपणे वाचावी.

उलट, सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचे बृहज्जातक उघडले की पहिल्याच अध्यायात राशींची पर्यायी नावे भेटतात : क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक. हे ग्रीक क्रिओस, तावरोस, दिदिमोई, लेओन, पार्थेनोस, झिगोन, स्कोर्पिओस, तोक्सोतेस यांचे संस्कृत उच्चार. 'होरा' हा ग्रीक 'ओरा', म्हणजे तास. 'केंद्र' हा 'केंत्रोन'. मराठीतला केंद्र सरकार, परीक्षा केंद्र, टपाल केंद्र यांतला केंद्र हाच! 'द्रेष्काण' म्हणजे 'देकानोस', आणि त्याच्या मागे ते इजिप्तचे छत्तीस गट उभे आहेत.

या सगळ्यात मला सर्वाधिक बोलका वाटतो तो शब्द 'जामित्र'. मुहूर्ताच्या ग्रंथांत जामित्रदोष म्हणून तो आजही भेटतो. पत्रिकेतले सातवे घर, जोडीदाराचे, विवाहाचे, त्याचे हे नाव. ग्रीक 'दिआमेत्रोस' म्हणजे व्यास, समोरासमोरचा बिंदू. पहिल्या घराच्या बरोबर समोर येणारे घर ते सातवे. ज्या घरावरून आपण मुलीच्या संसाराचा निवाडा करतो, त्या घराला भूमितीच्या पुस्तकातले ग्रीक नाव आहे.

वराहमिहिराने हे ऋण लपवले नाही. यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रात ते पारंगत आहेत आणि म्हणून ऋषींसारखे पूज्य आहेत, असा आशय त्याने आपल्या बृहत्संहितेत नोंदवला आहे. त्याच्या पंचसिद्धांतिकेत पाचांपैकी एका सिद्धांताचे नावच 'रोमक' आहे, आणि त्यातील वर्षाचे मान – ३६५ दिवस, ५ तास, ५५ मिनिटे, १२ सेकंद – ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कस याच्या मानाशी तंतोतंत जुळते. त्या माणसाला परक्याचे ज्ञान मान्य करताना कमीपणा वाटला नाही. दीड हजार वर्षांनंतर आपल्याला तो का वाटावा?

वारांचेही तसेच. शनि, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशी ग्रहांची मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंतची रांग लावा. दिवसाचा एकेक होरा क्रमाने एकेका ग्रहाला द्या. शनिवारचा पहिला होरा शनीचा. चोवीस होरे संपले की पंचविसावा येतो रवीचा, म्हणून दुसरा दिवस रविवार. त्यापुढचा सोमवार. बोटांवर करून पाहण्यासारखे आहे. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या एका भिंतीवर ग्रहांच्या वारांची यादी खरडलेली सापडली आहे. आपल्याकडे कालनिश्चित शिलालेखांत वार प्रथम येतो तो मध्य प्रदेशातल्या एरण येथे, गुप्तसंवत् १६५, म्हणजे इ.स. ४८४ मध्ये. वार गुरुवार.

येथवर रोम आणि आपण एकाच शाळेचे विद्यार्थी आहोत. रस्ते फुटतात ते यापुढे.

रोमच्या धर्मात भविष्य विचारणे ही सार्वजनिक बाब होती. पक्ष्यांचे शकुन पाहणारे ऑगर, बळीच्या पशूचे यकृत तपासणारे हारुस्पेक्स, आणि सिबिलच्या वचनांचे ग्रंथ सांभाळणारे पुरोहित हे सारे नगराच्या सेवेत. सिबिलचे ग्रंथ तर सिनेटच्या हुकमाशिवाय उघडतही नसत. शिवाय या विधींतून जे विचारले जाई ते मर्यादित असे : आज ही लढाई करावी का, ही सभा भरवावी का, देवांची संमती आहे का? अमुक माणूस कधी मरेल, हा त्यांचा विषय नव्हता.

ज्योतिषी या चौकटीत बसत नव्हता. त्याला रोमन लोक 'खाल्डियन' म्हणत, म्हणजे बाबिलोनकडचा. किंवा 'मॅथेमॅटिकस', म्हणजे गणिती. त्याला देऊळ नव्हते, पद नव्हते, सिनेटची परवानगी लागत नव्हती. सिनेटर, सैनिक, गुलाम, कोणीही पैसे देऊन त्याला काहीही विचारू शके. आणि त्याचे उत्तर देवांच्या संमतीविषयी नसे. जन्माच्या क्षणीच ठरून गेलेल्या नियतीविषयी असे. राज्यकर्त्यांना हे झोंबले यात नवल नाही.

इ.स.पू. १३९ मध्ये प्रेटर कॉर्नेलियस हिस्पालस याने खाल्डियनांना दहा दिवसांत इटली सोडण्याचा हुकूम दिला. इ.स.पू. ३३ मध्ये अग्रिप्पाने ज्योतिषी आणि जादूगारांना शहराबाहेर काढले. म्हणजे शासन ज्योतिषविरोधी होते? तसे मुळीच नव्हे. त्याच अग्रिप्पाचा धनी ऑगस्टस याने आपल्या मकर राशीचे चिन्ह नाण्यांवर छापले. इ.स. ११ मध्ये त्याने फर्मान काढले की ज्योतिष्याला एकांतात भेटू नये आणि साक्षीदार असले तरी कोणाच्या मृत्यूविषयी विचारू नये. गंमत अशी की त्याच सुमारास त्याने स्वतःची ग्रहस्थिती जाहीर करून टाकली. माझे भविष्य मी सांगेन, तुम्ही विचारू नका, असा त्याचा अर्थ.

इ.स. १६ मध्ये लिबो द्रुसस नावाच्या उमरावावर कटाचा खटला झाला. ज्योतिष्यांचा सल्ला घेतल्याचा आरोप त्याच्या मुळाशी होता. त्याने आत्महत्या केली, ज्योतिष्यांना इटलीतून हद्दपार केले गेले आणि पितुआनियस नावाच्या एकाचा कडेलोट झाला. त्या वेळी गादीवर असलेला सम्राट टायबेरियस मात्र आपल्या पदरी थ्रासिलस हा ज्योतिषी बाळगून होता. आणि होता म्हणजे मित्रच. टॅसिटस हा इतिहासकार या व्यवहाराकडे पाहून कडवटपणे म्हणतो त्याचा आशय असा, की ही जमात रोममध्ये नेहमी बंदीत राहील आणि नेहमी राहीलच.

इ.स. ६९ मध्ये व्हितेलियस सम्राटाने ज्योतिष्यांना १ ऑक्टोबरपर्यंत इटली सोडण्यास फर्मावले, तेव्हा शहरात उलटा फलक लागला : त्याच तारखेपर्यंत व्हितेलियसने जगात नसावे, अशी खाल्डियनांची आज्ञा आहे. (तो त्यानंतर अडीच-पावणेतीन महिने जगला. फलक लिहिणाऱ्याचे गणित थोडे चुकले.)

रोममध्ये ज्योतिषावर तर्काने टीका करणारे नव्हते असे नाही. इ.स.पू. ४४ च्या सुमारास सिसेरोने भविष्यकथनावरील आपल्या ग्रंथात विचारले होते की कॅनीच्या रणांगणावर एकाच दिवशी जे हजारो मेले, त्या साऱ्यांची ग्रहस्थिती एकच होती काय? पण कायद्याने हा तर्क कधी वापरला नाही. खोटे आहे म्हणून बंदी, असे रोमन शासन म्हणत नव्हते. खरे असले तर फारच धोक्याचे आहे, म्हणून बंदी. चौथ्या शतकातला फिर्मिकस मातेर्नस हा ज्योतिषग्रंथकार तर आपल्या व्यवसायबंधूंना बजावतो की सम्राटाविषयी कोणी विचारले तर उत्तर देऊ नका. सम्राट ताऱ्यांच्या अमलाखाली येतच नाही. प्रश्न विचारण्याचीच सोय बंद.

घराघरांत मात्र चित्र वेगळे असणार. युवेनल हा व्यंगकवी एका रोमन गृहिणीचे वर्णन करतो : हाताळून झिजलेले पंचांग घेऊन ती वावरते, मैलभर जायचे तरी घटका पाहते, डोळा खाजला तरी पत्रिका बघूनच औषध घालते. त्याचा सूर स्त्रियांची टवाळी करणारा आहे आणि तो मला आवडत नाही. पण आपल्याला ओळखीचे वाटेल असे काहीतरी त्यात आहे, हे खरे.

आता समुद्र ओलांडून परत येऊ. रोममध्ये ज्योतिषी हा व्यवस्थेबाहेरचा होता. आपल्याकडे काय झाले? आपल्याकडे तो गावगाड्यात बसला. जोशी हे वतन झाले. बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत गावजोशी आहे. त्याने पंचांग सांगायचे, मुहूर्त काढायचा, लग्न लावायचे आणि त्याबदल्यात धान्य व दक्षिणा यांचा वंशपरंपरागत हक्क घ्यायचा. रोमन माणूस खाल्डियनाकडे आपण होऊन जाई. मराठी शेतकरी कुठे जाणार? जोशी त्याच्या खळ्यावर हजरच असे. आणि त्याला डावलून दुसऱ्याकडून कार्य उरकले, तरी आपल्या हक्काचे पैसे मागण्याची सोय जोशाला होती. इंग्रजी अमलात असे दावे न्यायालयांत चालले.

या व्यवस्थेवर पहिला घणाघात जोतीराव फुल्यांचा. १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात त्यांनी नेमके हेच दाखवले : एक जोशी एका कुणब्याच्या गर्भवती बायकोला ग्रहपीडेचे भय घालतो आणि ते जोडपे कर्जात बुडते. भयाची सुरुवात कोणापासून होते पाहा. पोटुशी बाई. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि भटाजोशावाचून लग्ने लावण्याची चळवळ सुरू झाली, ती केवळ विधीची सुधारणा नव्हती. एका वंशपरंपरागत वसुलीला दिलेला तो नकार होता. पुढे १९२० च्या दशकात सीताराम केशव बोले यांनी जोशी वतनाचा प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात लावून धरला. रोममध्ये सत्ता ज्योतिष्याला हाकलत होती. आपल्याकडे रयतेला त्याच्यापासून सुटण्यासाठी सत्तेकडे जावे लागले.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू ठाणेकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि आश्चर्य म्हणजे फारशी सांगितली जात नाही. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा मराठी ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे १८८० च्या सुमारास काही काळ ठाण्यात शिक्षक होते. मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे. शाळामास्तराच्या पगारात, रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या सोसत या माणसाने वेदांगापासून आपल्या काळापर्यंतच्या भारतीय ज्योतिषाचा इतिहास एकट्याने उभा केला. गुप्त शिलालेखांच्या कालनिर्णयासाठी फ्लीट यांना ज्यांच्या गणिताचा आधार मिळाला ते हेच दीक्षित. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही लिहिला. १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाच्या आतच ते गेले.

जनार्दन बाळाजी मोडक आणि विसाजी रघुनाथ लेले यांच्यासह दीक्षितांनी शके १८०६ पासून सायन पंचांग काढले. मुद्दा सोपा होता. आपले पंचांग राशिचक्र ताऱ्यांना बांधून मोजते, ते निरयन. ग्रीक-रोमन परंपरेतला टॉलेमी ते वसंतसंपाताला, म्हणजे ऋतूंना बांधतो, ते सायन. संपातबिंदू हळूहळू मागे सरकतो, त्यामुळे दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. म्हणून सूर्याचे खरे उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ ला सुरू होते आणि आपण तिळगूळ वाटतो जानेवारीच्या १४-१५ ला. म्हणून डोंबिवलीत जन्मलेल्या एकाच बाळाची सूर्यरास लंडनच्या मासिकात मेष असते आणि दादरच्या पंचांगात मीन. दीक्षित-मोडक-लेले यांचे पंचांग चालले नाही. लोकांनी सणांच्या तारखा हलवू दिल्या नाहीत. पण पंचांग ही श्रद्धेची नव्हे तर गणिताची वस्तू आहे, तिला वेधाने तपासता येते, हा आग्रह केरो लक्ष्मण छत्र्यांपासून टिळकांपर्यंत ज्या मराठी माणसांनी धरला, त्यांत हे तिघे अगदी पुढच्या रांगेत बसतात.

एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवायला हवी. दीक्षित यवनांचे ऋण मोजूनमापून मान्य करत. जातकाचे मूळ पूर्णपणे परके आहे, हे त्यांना पटत नव्हते. मला येथे ते पटत नाहीत. त्यांच्यानंतर बरेच साहित्य उजेडात आले. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये 'यवनजातक' हा संस्कृत ग्रंथ संपादित केला, तेव्हा ग्रीक जातक संस्कृतात कसे उतरले ते ओळीओळीने दिसू लागले. त्या ग्रंथाच्या काळाविषयी पिंग्री यांनी मांडलेले गणित बिल माक यांनी २०१३ मध्ये मोडीत काढले. पण त्यातला ग्रीक वारसा मोडीत निघाला नाही. आणि आपण त्यात भर घातली नाही असेही नव्हे. छत्तीस गुणांचे जे मेलन आपण पाहतो ते नक्षत्रांवर आधारलेले, म्हणजे आपल्या जुन्या नक्षत्रपरंपरेचे अपत्य आहे. मंगळ पाहतो तो घरांवरून, म्हणजे यवनांच्या वाटेने. एकाच कागदावर दोन वारसे शेजारी बसलेले असतात.

आता त्या मंगळाकडे. त्याची बदनामी जुनी आणि सार्वत्रिक आहे : टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथातही मंगळ आणि शनी हे दोन पापग्रह, एक अति कोरडा-उष्ण म्हणून, दुसरा अति थंड म्हणून. पण रोममध्ये मंगळ हा युद्धदेव, रोम्युलसचा बाप, नगराचा पूर्वज. तेथे त्याची भीती सेनापतीला वाटायची. आपल्याकडे बृहज्जातकात स्त्रीजातकाचा वेगळा अध्याय आहे आणि त्यातील फलांचा रोख वैधव्यावर आहे. ज्या समाजात विधवेचे जिणे म्हणजे जिवंतपणी मरण होते, त्या समाजात भाकिताचे टोक कोठे वळले, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मंगळाचा आज चालणारा नियम घ्या : पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे. बारांपैकी पाच घरे! पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे चोवीस तासांत मंगळ बाराही घरांतून एक फेरी मारतो. म्हणजे रोज, अगदी दररोज, ढोबळमानाने दहा तास असे असतात की त्या वेळात जन्मणारे प्रत्येक बाळ मंगळाचे. कल्याण-डोंबिवलीच्या प्रसूतिगृहांत आज जन्मलेल्या शंभर बाळांपैकी चाळीसएक. काही घराणी चंद्रापासूनही मोजतात; मग आकडा आणखी वाढतो. दोष इतका सर्रास निघतो म्हणून मग अपवादांची लांबलचक यादी लागते : स्वराशीचा मंगळ, उच्चीचा मंगळ, गुरूची दृष्टी, सौम्य मंगळ, वय वाढले की उतरणारा मंगळ. आवडलेल्या स्थळाला अपवाद सापडतो, नावडत्या स्थळाला सापडत नाही. नियम मुलाला आणि मुलीला सारखाच आहे असे पुस्तक म्हणते. व्यवहारात अर्ज कोणाचा परत जातो, हे मंडळात बसणाऱ्यांना ठाऊक आहे. सिसेरोचा कॅनीचा प्रश्न आपण येथे विचारायला हवा होता, आणि तो विचारायला खगोलशास्त्राची पदवी लागत नव्हती.

कायद्याचे काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात कशाला हा कायदा लागू नाही याची एक यादी आहे, आणि तीत जोशी-ज्योतिषी व नंदीबैलवाले यांचा सल्ला आवर्जून वगळला आहे. मी या वगळण्याविरुद्ध नाही. ज्योतिष्यांना हद्दपार करण्याचे रोमन प्रयोग वारंवार झाले आणि वारंवार फसले. शिवाय फर्मानाने विचार मारता येतो यावर माझा विश्वास नाही. पण हे वगळणे सहज पार पडले त्यामागचे एक कारण मला असेही दिसते की आपल्या पत्रिकेने मुख्यमंत्र्याला कधी घाबरवले नाही. तिने घाबरवले ते पोटुशी कुणबिणीला आणि उपवर मुलीला. सिंहासन हलत असते तर कलम वेगळे लिहिले गेले असते.

एवढे सगळे म्हणूनही पत्रिका जाळून टाका असे मी म्हणणार नाही. ग्रहांचे एकमेकांशी नाते हजारो वर्षांत जसेच्या तसे क्वचितच परत येते, म्हणून पत्रिका हा इतिहासकाराचा उत्तम साक्षीदार आहे. ऑटो नॉयगेबाउअर आणि हेन्री व्हॅन होसेन यांनी १९५९ मध्ये ग्रीक कुंडल्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतल्या ग्रहस्थितीवरून पपायरसच्या तुकड्यांच्या तारखा ठरल्या. आपल्याकडचे उदाहरण तर प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद चालू असताना जेधे शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आणली, आणि जोधपूरच्या संग्रहात सापडलेल्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. आपण १९ फेब्रुवारीला जी शिवजयंती साजरी करतो तिच्यामागे त्या कुंडलीचाही हात आहे. महाराजांचे भविष्य तीत काय लिहिले होते याने काही फरक पडला नाही. ग्रह कोठे होते, ते पुरले.

जुन्या ठाण्यात, कल्याणच्या वाड्यांत, डोंबिवलीत कोकणातून आलेल्या ट्रंकांमध्ये अशा हस्तलिखित पत्रिका अजून असतील : हळदकुंकवाचे बोट लागलेल्या, गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या, वर शके, संवत्सर, घटी-पळे आणि गावाचे नाव असलेल्या. पुनर्विकासात घर रिकामे करताना त्या रद्दीत जातात. घरातली सर्वांत जुनी पत्रिका कोणत्या शकातली आहे, मोडीत आहे की बाळबोध, तीत सूर्योदय कोणत्या गावचा धरला आहे, हे पाहून नावे झाकलेले छायाचित्र प्रतिसादात टाका. तिथी-वार-नक्षत्र जुळवून पाहण्याचे गणित पुढच्या धाग्यात करू.